दोन इथिलांचा फरक

समुद्रशोकाच्या बियांना ‘नैसर्गिक एलएसडी’ म्हणायची टूम इंटरनेटवर कोणी काढली कोण जाणे, पण तिने माझ्या वर्गाचा पिच्छा पुरवला आहे. मी फार्मसी कॉलेजात फार्माकोग्नॉसी शिकवते, म्हणजे झाडपाला, बुरशी, प्राणी यांच्यापासून मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची ओळख. मुलं नुसतं ‘कॉग्नॉसी’ म्हणतात. अरगटाचा, म्हणजे धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या एका बुरशीचा, धडा निघाला की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते, कारण त्याच धड्यात पुढे एलएसडीचं, त्या भ्रम घडवणाऱ्या नशेच्या पदार्थाचं, नाव येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. तास संपला की कोणीतरी रेंगाळतं आणि मोबाइल पुढे करतं. ‘‘मॅडम, हे आपल्या गार्डनमधलंच आहे ना?’’ स्क्रीनवर ‘हवाईयन बेबी वुडरोझ’ असं झोकदार नाव, लाकडात कोरलेल्या गुलाबासारखं फळ आणि खाली किंमत.

आपल्या गार्डनमधलंच आहे. हाच तो समुद्रशोक, कंपाउंडच्या जाळीवर दरवर्षी छाटूनही पुन्हा माजणारा वेल. पान हृदयाच्या आकाराचं, तळहाताहून मोठं. वरून गुळगुळीत हिरवं आणि खालून चंदेरी, रेशमी लवेने भरलेलं. पावसाळ्याच्या शेवटाकडे गुलाबी-जांभळी नरसाळ्यासारखी फुलं येतात. फूल गळल्यावर खालची संदलं वाळून कडक होतात आणि फळाभोवती पसरतात, तोच तो लाकडी गुलाब. आत मोजक्या तपकिरी बिया. वनस्पतीचं शास्त्रीय नाव आर्जिरिया नर्व्होसा, मूळ घर भारतीय उपखंड. हवाईचा संबंध इतकाच की शोभेसाठी हा वेल तिकडे गेला, तिथे रुजला आणि त्याची वाळकी फळं फुलांच्या सजावटीत मिरवू लागली. रताळ्याच्या कुळातला हा वेल. गावाकडे याचं पान गळवावर बांधतात. लवेची बाजू आत ठेवली तर गळू पिकून फुटतं आणि गुळगुळीत बाजू ठेवली तर जखम भरते, असा समज आहे. आयुर्वेदात वृद्धदारुक म्हणून जे वापरतात ते मुख्यतः याचं मूळ. बियांच्या नशेचा विषय आपल्याकडे नव्हताच. तो सुरू झाला १९६५ नंतर, हायलिन आणि वॉटसन या दोघांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या बियांमध्ये अर्गोलीन अल्कलॉइड, म्हणजे अरगटात असतात तशी शरीरावर जोरदार परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं, असल्याचं जाहीर केलं तेव्हापासून.

त्या अल्कलॉइडांमधलं मुख्य नाव म्हणजे लायसर्जिक ॲसिड अमाइड. थोडक्यात एलएसए. जुन्या पुस्तकांत ‘अर्जीन’. एलएसडीशी याचं नातं इतकं जवळचं आहे की नावांत एका अक्षराचा फरक. त्यामुळेच ‘सौम्य एलएसडी’, ‘एलएसडीचा गावठी भाऊ’ वगैरे बिरुदं त्याला चिकटली. माझा वाद आहे तो या ‘सौम्य’ शब्दाशी. एलएसए ही पाणी घातलेली एलएसडी नव्हे. ती वेगळी चीज आहे, आणि काही बाबतींत तिचा स्वभाव एलएसडीपेक्षा प्रसूतीगृहातल्या एका इंजेक्शनला जास्त मिळताजुळता आहे.

आधी फळ्यावरचं रसायन उरकून घेऊ. चार कडी एकमेकांत गुंतलेला एक सांगाडा असतो, त्याला अर्गोलीन म्हणतात. त्याच्या एका कोपऱ्यात इंडोल दडलेलं असतं, जे आपल्या मेंदूतल्या सेरोटोनिनमध्येही आहे. म्हणून सेरोटोनिनसाठी असलेल्या जागांवर हे रेणू जाऊन बसू शकतात. सांगाड्याला आम्लाचा एक हात जोडला की झालं लायसर्जिक आम्ल. आता सगळी गंमत त्या हाताला काय धरायला देता यात आहे. साधा अमाइड गट दिला, म्हणजे नायट्रोजन आणि त्यावर दोन हायड्रोजन, की एलएसए. त्या दोन हायड्रोजनांच्या जागी दोन इथिल गट, म्हणजे दोन-दोन कार्बनांच्या छोट्या साखळ्या, बसवले की एलएसडी. हायड्रोजनांऐवजी एकच, पण अल्कोहोलचं टोक असलेली छोटी साखळी लावली की अर्गोमेट्रिन. ती साखळी एका कार्बनने लांबवली की मिथाइलअर्गोमेट्रिन. आणि अमिनो आम्लांचं मोठं गाठोडं लटकवलं की अर्गोटामिन, अर्धशिशीवरचं जुनं औषध. परीक्षेत ही रचना काढायला सांगितली की मुलं सांगाडा बिनचूक काढतात आणि हातापाशी अडखळतात. गुण मात्र हातालाच असतात.

वयाने एलएसए मोठी आहे. १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये स्मिथ आणि टिमिस यांनी अरगटाच्या अल्कलॉइडांचं विघटन करताना अर्जीन मिळवलं होतं. लायसर्जिक आम्ल हे नाव पडलं त्यानंतर, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या जेकब्स आणि क्रेग यांच्या कामातून. एलएसडी आली १९३८ मध्ये. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन लायसर्जिक आम्लाला वेगवेगळे हात लावून पाहत होते, त्यातला हा पंचविसावा पदार्थ. दोन इथिल लावायची कल्पना भलत्याच ठिकाणची होती. कोरामीन नावाचं श्वसन आणि रक्ताभिसरण चेतवणारं औषध तेव्हा वापरात होतं, ते निकोटिनिक आम्लाचं डायइथिलअमाइड. लायसर्जिक आम्लाचं डायइथिलअमाइडही तसंच काही करेल, अशी आशा. प्राण्यांवरच्या चाचण्यांत विशेष काही दिसलं नाही आणि पदार्थ बाजूला पडला. पाच वर्षांनी, १९४३ च्या एप्रिलमध्ये, हॉफमन यांनी तो पुन्हा बनवला तेव्हा चुकून थोडासा शरीरात गेला; मग १९ तारखेला त्यांनी मुद्दाम २५० मायक्रोग्रॅम घेतला आणि सायकलवरून घरी जाताना जे काही झालं ते जगजाहीर आहे. ती कथा मी वर्गात दोन वाक्यांत संपवते. मुलांना ती माझ्यापेक्षा जास्त तपशिलात येते.

मला रस आहे तो त्याच माणसाच्या कमी प्रसिद्ध प्रयोगात. १९४७ मध्ये हॉफमन यांनी साधा अमाइड, म्हणजे एलएसए, स्वतःवर आजमावला. एलएसडीच्या मानाने दहा ते वीसपट जास्त मात्रा लागली. पण मुद्दा मात्रेचा नाही, मुद्दा काय जाणवलं याचा आहे. त्यांनी नोंदवलेली लक्षणं अशी: मनाला आलेलं रितेपण, बाहेरचं जग खोटं आणि निरर्थक वाटणं, कान तल्लख होणं, अंगात फारशी न खुपणारी मरगळ, आणि शेवटी झोप. सोल्म्स या संशोधकानेही १९५० च्या दशकात हाच पदार्थ तपासला आणि त्यालाही गुंगी आणि उदासीनताच ठळक दिसली. एलएसडीची मात्रा कमी करत गेलात तर एलएसडीचाच परिणाम कमी कमी होत जातो. तुम्ही झोपेकडे जात नाही. उलट एलएसडी घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार झोप उडाल्याची. म्हणजे हा एकाच रस्त्यावरचा अलीकडचा थांबा नव्हे, रस्ताच वेगळा.

दोन इथिलांनी एवढं काय होतं, याचं उत्तर मिळायला पुढची कित्येक दशकं जावी लागली. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातले डेव्हिड निकोल्स यांनी २००२ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इथिलचे दोन्ही गट मोकळे असतात, वाटेल तसे वळतात. निकोल्स यांनी ते नायट्रोजनभोवती एका चौकोनी कड्यात जखडून टाकले, तीन वेगवेगळ्या ठेवणींत. तिन्ही रेणूंचं वजन तेच, अणू तेवढेच. पण एलएसडीच्या तोडीचा परिणाम त्यांतल्या एकाच ठेवणीने दिला. म्हणजे इथिल असून भागत नाही, ते विशिष्ट दिशेला वळलेले लागतात. मग २०१७ च्या जानेवारीत ‘सेल’मध्ये ब्रायन रॉथ यांच्या प्रयोगशाळेने सेरोटोनिनच्या एका ग्राहीत, म्हणजे रिसेप्टरमध्ये, अडकलेल्या एलएसडीचं स्फटिकचित्र छापलं. रेणू आत बसला की ग्राहीचा वरचा एक भाग झाकणासारखा त्याच्यावर येतो. त्यामुळे एलएसडी लवकर सुटत नाही आणि परिणाम तासन्‌तास टिकतो. ते चित्र मी प्रोजेक्टरवर दाखवते तेव्हा मागची बाकंसुद्धा शांत असतात. इथिल गट आपल्या खोबणीत नेमके कसे वळून बसले आहेत ते दिसतं. एलएसएकडे त्या जागी दोन हायड्रोजन. त्या खोबणीत भरायला तिच्याकडे काहीच नाही.

फरक उलट्या बाजूनेही पाहता येतो. एलएसडी तशीच ठेवा, दोन्ही इथिल जागेवर, आणि सांगाड्यावर दुसऱ्या टोकाला एकच ब्रोमीनचा अणू बसवा. याला बीओएल-१४८ म्हणतात. याने भ्रम होत नाहीत. १९५० च्या दशकात हे माहीत झालं होतं. २०१० मध्ये जर्मनीत क्लस्टर डोकेदुखीच्या काही रुग्णांवर याच पदार्थाचा प्रयोग झाला, तो भ्रम न होता उपयोग होतो का हे पाहण्यासाठीच. लिसुराइड नावाचं अजून एक भावंड आहे. ते सेरोटोनिनच्या त्याच ग्राहीवर बसतं, ती चालूही करतं, तरी माणसाला काही दिसत नाही की ऐकू येत नाही. याच घराण्यातलं ब्रोमोक्रिप्टिन प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, उतरवायला देतात. आडनावावरून माणसाचा स्वभाव सांगणारी माणसं असतात, तसं या घराण्याबद्दल बोलता येत नाही.

या घराण्यात मला सगळ्यात जास्त आदर आहे तो मिथाइलअर्गोमेट्रिनचा. बाजारात मेथर्जिन. हेही सँडोझमध्ये हॉफमन यांच्याच टेबलावर घडलेलं, पण यासाठी कोणी सायकल दिवस साजरा करत नाही. शिकत असताना एका ग्रामीण रुग्णालयाच्या औषध विभागात मी प्रशिक्षण घेतलं. तिथल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, लसींपासून वेगळ्या ट्रेमध्ये, एक मिलीलीटरच्या तपकिरी ॲम्प्यूल असायच्या. आत ०.२ मिलिग्रॅम औषध. उजेड लागला की बिघडतं, ऊब लागली की बिघडतं, म्हणून काच तपकिरी आणि जागा फ्रीजमध्ये. तिथल्या सिस्टर ॲम्प्यूल फोडायच्या आधी उजेडाकडे धरून पाहत. द्रव पाण्यासारखा हवा, रंग आलेला दिसला की सरळ बाजूला. बाळंतपणानंतर वार पडली, ऑक्सिटोसिन दिलं आणि तरी रक्त थांबेना, तर ही ॲम्प्यूल फुटायची. त्याआधी मात्र एक प्रश्न ठरलेला: ‘‘बीपी किती आहे?’’ बीपी वाढलेलं असेल तर हे औषध द्यायचं नाही. कारण ते गर्भाशय आवळतं तसंच रक्तवाहिन्याही आवळतं.

आणि इथेच समुद्रशोकाची बी पुन्हा दारात येते. बीमध्ये एलएसए एकटी नसते. तिच्यासोबत तिचं उलटं वळलेलं रूप आयसोअर्जीन असतं, चॅनोक्लेव्हिन असतं, इतर क्लेव्हिन (तोच सांगाडा, पण आम्लाच्या हाताविना) असतात, आणि थोडं अर्गोमेट्रिनही असतं. म्हणजे प्रसूतीगृहातल्या त्या ॲम्प्यूलचं सख्खं भावंड. मळमळ, उलट्या, ग्लानी, पायांत गोळे, हातपाय गार पडणं, ही या बियांची नेहमीची तक्रार आहे, आणि त्यात आश्चर्य काही नाही. मोबाइलवरच्या जाहिराती ‘नैसर्गिक’ म्हणतात तेव्हा त्यात हे सगळं येतं. एलएसडी बनवणारा रसायनशास्त्रज्ञ जे काळजीपूर्वक वेगळं काढून टाकतो, ते इथे एकत्रच पदरात पडतं. शिवाय हे घटक स्थिर नाहीत. एलएसए साठवणीत उलटून आयसोअर्जीन होते. आणखी एक नाजूक घटक मोडून एलएसए होते. आज तपासलेली बी आणि सहा महिन्यांनी तपासलेली तीच बी यांचा पाढा एकसारखा येईलच असं नाही.

याचा पुरावा म्हणून मी वर्गात जर्मनीतल्या एका अभ्यासाचा दाखला देते, २०१२ मध्ये ‘फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल’मध्ये छापून आलेल्या. निरोगी स्वयंसेवकांना समुद्रशोकाच्या बियांची सारखीच मात्रा दिली. सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. कोणाला फक्त मळमळ आणि थकवा. कोणाची अवस्था वेड लागल्यासारखी. एवढा फरक पाहून प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागला. औषधशास्त्रात एखाद्या पदार्थाची मात्रा सारखी आणि उत्तर प्रत्येकाचं निराळं असेल, तर त्या पदार्थाला आम्ही औषध म्हणत नाही. जे विद्यार्थी मोबाइल घेऊन येतात त्यांना मी कायद्याचा धाक घालत बसत नाही. हा अभ्यास काढून देते, वाचून ये म्हणते. बरेच जण वाचून येतात.

मेक्सिकोत मात्र या रसायनाशी जुनी ओळख होती, आणि तिथल्या लोकांनी त्याचा स्वभाव आपल्यापेक्षा नीट ओळखला होता. ओलोलिउकी हे नाव तिथलं. समुद्रशोकाच्याच कुळातला पांढऱ्या फुलांचा एक वेल आणि त्याच्या बारीक गोल बिया. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्याच्या नोंदी केल्या. १६२९ मध्ये रुईझ दे आलार्कोन या पाद्र्याने ‘अंधश्रद्धां’वर एक ग्रंथ लिहिला, त्यात त्याची तळमळ वाचण्यासारखी आहे. लोक या बिया टोपलीत घालून देवघरात जपतात, वारशाने मुलांना देतात, आणि विचारलं तर नाही म्हणतात. त्याने बिया जप्त केल्या, जाळल्या. लोक त्याच्यापेक्षा ओलोलिउकीच्या कोपाला जास्त घाबरत. बिया घ्यायच्या त्या आजाराचं कारण किंवा हरवलेल्या वस्तूचा ठावठिकाणा विचारण्यासाठी. एकांतात, शांततेत, बंद जागेत. ढोल नाहीत, नाच नाही. ज्या रसायनाने कान तल्लख होतात आणि डोळे मिटू लागतात, त्याला याहून योग्य मांडणी कोणती? आज तीच रसायनं नाचायच्या पार्टीसाठी विकतात तेव्हा मला हा पाद्री आठवतो. निदान त्याला समोर काय आहे ते नीट दिसत होतं.

पाश्चात्त्य शास्त्राला मात्र ओलोलिउकी बराच काळ पटली नाही. १९१५ मध्ये सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने सांगून टाकलं की हे धोतऱ्याचं बी असणार, या कुळातल्या वनस्पतींत नशा नसतेच. वनस्पतीशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस यांनी १९४१ मध्ये मेक्सिकोतल्या ओहाकामधल्या नमुन्यांवरून वेलाची ओळख पक्की केली. १९५५ मध्ये मनोविकारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी बिया स्वतः घेऊन पाहिल्या. त्यांना जाणवली ती मरगळ आणि अनास्था, डोळ्यांची वाढलेली संवेदना, आणि नंतर सावकाश आलेली स्वस्थता. एलएसडीसारख्या द्रव्यांसाठीचा ‘सायकेडेलिक’ हा शब्द पुढे याच गृहस्थांनी घडवला, हे लक्षात ठेवण्यासारखं. मग १९५९ मध्ये अळंब्यांचे हौशी अभ्यासक गॉर्डन वॅसन यांनी मेक्सिकोतून बियांचं पाकीट हॉफमन यांना पाठवलं, आणि हॉफमन यांनी त्यातून वेगळं काय काढलं, तर लायसर्जिक आम्लाचे अमाइड. जे पदार्थ त्यांच्या कपाटात आधीपासून बाटल्यांत होते तेच. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा जाणकारांनी शंका घेतली की तुमच्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे लायसर्जिक आम्लच आहे, नमुन्यात तेच मिसळलं असेल. शंका अगदीच वावगी नव्हती. तोवर ही अल्कलॉइडं फक्त बुरशीत सापडली होती. बुरशी कुठे आणि फुलणारा वेल कुठे.

हॉफमन बरोबर होते. पण शंका घेणारेही एका अर्थी बरोबर होते, हे कळायला जवळपास अर्धशतक गेलं. जर्मनीत बॉन विद्यापीठातल्या ष्टायनर आणि लाइस्टनर यांच्या गटाने या कुळातल्या एका वेलावर बुरशीनाशक मारलं. वेल ठणठणीत राहिला, अल्कलॉइड नाहीसे झाले. म्हणजे ते वेल बनवतच नव्हता. पानांच्या पृष्ठभागावर राहणारी, बियांतून पुढच्या पिढीत उतरणारी एक बुरशी ते बनवत होती. २०११ मध्ये तिचं बारसं झालं, पेरिग्लँडुला. आणि ती आहे अरगटाच्याच बुरशीच्या कुळातली! याच कुळातल्या निळ्या मॉर्निंग ग्लोरी या शोभेच्या वेलातली बुरशी मात्र सापडत नव्हती. ती मिळाली अगदी अलीकडे, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कॉरिन हेझल या विद्यार्थिनीला; डॅनियल पॅनॅचिओन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना बियांच्या सालीवर तिला बारीक लव दिसली. २०२५ मध्ये ती पेरिग्लँडुला क्लँडेस्टिना या नावाने प्रसिद्ध झाली. हॉफमनही ही बुरशी शोधत होते. ती सापडली पदवीच्या मुलीला, आणि हे मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगते.

अरगट म्हटलं की पुस्तकांत राय नावाचं धान्य आणि मध्ययुगीन युरोप येतो, पण आपल्या शेतकऱ्याला तो बाजरीवर माहीत आहे. फुलोऱ्यात पाऊस-ढगाळ हवा राहिली की कणसातून गुलाबी चिकट मधासारखा थेंब गळतो, आणि मग दाण्याच्या जागी काळपट कठीण गाठी. म्हणून पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवायची शिफारस आहे: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ, वर तरंगतं ते काढून जाळायचं, खाली राहिलेलं धुऊन सावलीत सुकवायचं. १९५८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागातल्या बाजरीच्या विषबाधेची नोंद आहे. १९७५ मध्ये राजस्थानात पुन्हा तसंच झालं. लक्षणं मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी. राय खाऊन युरोपात बोटं काळी पडून झडली, तसं इथे झालं नाही, कारण बाजरीवरच्या बुरशीत अर्गोटामिनसारखी जड मंडळी नसून क्लेव्हिन असतात. चॅनोक्लेव्हिन, एलिमोक्लेव्हिन. ओलोलिउकीच्या बियांत हॉफमन यांना सापडलेलीच दोन नावं.

गेल्या वर्षी हे सगळं सांगून झाल्यावर सिंधुदुर्गातल्या एका मुलाने विचारलं, ‘‘मॅडम, मग आमच्याकडचा हरीक खाल्ल्यावर झिंग येते, तेही एलएसएच का?’’ प्रश्न उत्तम होता. हरीक म्हणजे कोद्रा, पास्पालम वंशातलं धान्य. आणि पास्पालम गवतावर वाढणाऱ्या अरगटाच्याच बुरशीतून १९६० च्या सुमाराला रोममध्ये, पेनिसिलिनवाले अर्न्स्ट चेन यांच्या गटाने, टाक्यांमध्ये लायसर्जिक आम्लाचे अमाइड बनवून दाखवले होते. त्यातून पुढे औषधासाठी शेतात राय पिकवायची गरज कमी झाली. तेव्हा धागा जुळल्यासारखा वाटतो. पण हरकाची झिंग एलएसएची नाही. दमट दाण्यावर वाढणाऱ्या वेगळ्याच बुरशा सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचं विष तयार करतात, ते हे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस मध्य प्रदेशात बांधवगडला दहा हत्ती कोद्र्याच्या शेतात चरून मेले, तेव्हा तपासात याच आम्लाचं नाव आलं.

त्याला प्रयोगशाळेत करून पाहायचं होतं. मी म्हटलं, कर. आमच्याकडे अर्गोलीन ओळखायला एर्लिकचं अभिकर्मक असतं. टीएलसी प्लेटवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या उंचीला चढवून सुटे करणाऱ्या पट्टीवर, फवारलं की निळा-जांभळा ठिपका उमटतो. पण त्यात एक खोच आहे, ती त्याला आधीच सांगून ठेवली. सायक्लोपियाझोनिक आम्लातही इंडोल आहे, आणि तेही याच फवाऱ्याने जांभळं होतं. रंगावरून फक्त इंडोल कळतं. कोण आहे ते ठरवायचं तर ठिपका प्लेटवर किती वर चढला ते मोजायचं, शेजारी माहीत असलेला नमुना लावायचा, आणि तरीही खात्री नसेल तर नमुना मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्राला, पाठवायचा. पाठवण्याचा अर्ज त्याने भरून माझ्या टेबलावर ठेवला आहे.